मोतीराम जमादार आणि पोटात गेलेला पदार्थ

माझी आणि मोतीराम जमादारांची ओळख विषामुळे झाली, असं सांगितलं की समोरचा माणूस हातातला चहा खाली ठेवतो. पण खरंच आहे ते. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आणि ते पोलीस ठाण्यात हवालदार. आमच्या भंडाऱ्याकडे हवालदाराला जमादारच म्हणतात. कुणाच्या पोटात काही भलतंसलतं गेलं की पेशंट आधी माझ्याकडे यायचा आणि अर्ध्या तासाने त्याचं बयान घ्यायला जमादार यायचे. चौदा वर्षं आमच्या भेटी अशाच झाल्या, आणि दर भेटीत आमच्या दोघांच्या मधे एक बादली असायची.

पहिल्या भेटीत तर मी त्यांच्यावर ओरडलेच होते. बाजारातला एक किराणावाला, बायकोने चहात काहीतरी घातलं म्हणून, पोट धरून बोंबलत आला होता. पुरावा म्हणून चहाचा थर्मासही त्याने काखेत आणला होता. जमादारांनी थर्मास उघडला, झाकणात दोन घोट ओतले आणि मी हात धरायच्या आत पिऊन टाकले. मग डोळे मिटून थोडा वेळ विचार केला.

"साखरेच्या डब्ब्यात मीठ गेलं हाये," ते म्हणाले. मग किराणावाल्याकडे वळून, "शेठ, गुन्हा मोठा हाये, पण याले कलम नाई. घरी जा."

मी म्हटलं, "अहो, खरंच काही असतं तर? दोन पेशंट झाले असते माझे."

"सिस्टर, हा माणूस दोन कप पिऊन इतका बोंबलून राहिला. ज्याच्या पोटात ते असते, त्याचा आवाज निघत नाई."

'ते' म्हणजे विष. हा शब्द जमादार कधीच उच्चारत नसत. कागदावरही 'पोटात गेलेला पदार्थ' असंच लिहीत. ठाणेदारसाहेब चिडायचे, डॉक्टर हसायचे, जमादार ढिम्म. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तो शब्द एकदा घरात घुसला का निंघत नाई, सिस्टर. घरातला एकजण दुसऱ्याच्या हातचं खाताना ताटाकडे पाहाते. मंग घर कायचं, खानावळ होते." मला ते तेव्हा उगाच पाल्हाळ वाटलं. नर्सच्या नोकरीत पाल्हाळ ऐकायला वेळ कुठे असतो?

दिसायला अगदी किडकिडीत. पोलिसाचा पट्टा त्यांच्या कमरेला दीड वेळा गुंडाळता आला असता. वॉर्डात आले की टोपी काढून सलाइनच्या स्टँडला अडकवायचे. मी दर वेळी ती काढून त्यांच्या हातात द्यायची आणि दर वेळी ती पुन्हा स्टँडवर जायची. एकदा तर एका म्हाताऱ्या पेशंटने शुद्धीवर येऊन पहिल्यांदा ती टोपीच पाहिली आणि आपल्याला पोलीस चढवून राहिले असं समजून आणखी एक तास बेशुद्ध राहिला. पेन शर्टाच्या गुंडीला सुतळीने बांधलेलं, कारण दवाखान्यातून पेनं चोरीला जातात असा त्यांचा ठाम आरोप होता. तो आरोप खरा होता, पण पोलिसाने करावा हे मला आवडायचं नाही.

त्यांची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू व्हायची. दुश्मन कोण, भांडण कोणाशी, हे नंतर. आधी पेशंटच्या उशाशी बसून, घरच्या माणसाने विचारावं तसं विचारायचे, "काय काय जेवले जी?" आणि उत्तर आलं की, "किती?" भात किती, वरण किती, मधे पाणी प्यायले का, ताटात काही उरलं का. दुसरे पोलीस दोन मिनिटांत बयान उरकत; जमादारांचं बयान वाचलं की मला भूक लागायची.

पंचनामे तर ठाण्यात इतरांना वाचून दाखवले जात. कोंबडी चोरल्याच्या एका पंचनाम्यात त्यांनी लिहिलं होतं, "सदर कोंबडी पंचांसमक्ष हजर केली असता ती पंचांसमक्ष पळून गेली." त्या पंचनाम्यात एक पंच मी होते. पंचाला सरकारी माणूस बरा, साक्ष फिरवत नाही, म्हणून जमादार मला धरून न्यायचे. माझी सुट्टी कधी असते हे माझ्या नवऱ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ होतं.

असे ते. आता नत्थुबुवांचं सांगते, कारण जमादार म्हटलं की मला तेच प्रकरण आठवतं.

श्रावण चालू होता. दुपारी चारच्या सुमाराला सानगडीकडच्या एका गावातून नत्थुबुवांना ऑटोत घालून आणलं. वय साठीचं, गावच्या भजन मंडळाचे प्रमुख. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, शेतातलं कीटकनाशक पोटात गेलंय. आम्ही पोट धुतलं, इंजेक्शनं सुरू केली. तासाभरात माणूस वाचणार हे नक्की झालं.

पण बाहेर दुसरंच चाललं होतं. ऑटोच्या मागोमाग पंधरा-वीस मोटारसायकली आल्या होत्या आणि सगळ्यांनी निकाल लावून टाकला होता. बुवा सकाळपासून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, निंदणी करून दुपारी घरी जेवले आणि तासाभरात कोसळले. जेवण सुनेने वाढलं. घरात तिघंच माणसं: बुवा, मुलगा आणि सून. मुलगा तेच जेवला, त्याला काही झालं नाही. म्हणजे पातेल्यात नव्हतं, ताटात घातलं. शिवाय चारच दिवसांपूर्वी बोअरिंगवर पाणी भरताना ती म्हणाली होती, "मामाजी रोज मिठाले नाव ठेवतेत, एक दिवस असं मीठ टाकीन का पुन्हा मांगणार नाईत." हे वाक्य आता गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होतं, आणि दर मोबाइलवर त्यात एकेक शब्द वाढत होता.

सुनेचं नाव वनिता. लग्नाला आठ महिने झाले होते. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती खाली बसली होती, आणि बाकावर जागा असूनही तिच्या आजूबाजूला चार हात कुणी नव्हतं. नवरा बाहेर ऑटोजवळ उभा होता. मला त्या पोराचा फार राग आला. आत बापाला पाहायला चार वेळा आला, पण येता-जाता बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

जमादार आले. टोपी स्टँडला लावली. बुवा तेव्हा थोडे शुद्धीत होते. "काय जेवले जी, बुवा?"

"भात, वरन, बरबटीची भाजी. सुनेनं वाढलं तेच." एवढं बोलून बुवांनी डोळे मिटले. मागे उभ्या असलेल्या चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. झालं, फिर्याद तयार.

जमादार उठून व्हरांड्यात गेले आणि वनितासमोर चक्क फरशीवर बसले.

"बाई, बुवानं भात किती खाल्ला?"

ती रडत रडत म्हणाली, "दोन घास जी."

"एरवी किती खातेत?"

"तीनदा घेतेत. आज म्हनलं अजून घ्या, त नको म्हनले, पोट भरलं म्हनले."

"मीठ कमी हाये असं म्हनले का?"

"नाई. आज कायीच म्हनले नाईत."

जमादार माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "सिस्टर, सकाळपासून बांधीत निंदन करून आलेला माणूस दोन घासात उठते का? आन् मिठाले नाव बी ठेवत नाई?"

तोवर ठाणेदारसाहेबांचा फोन आला. गावकरी ठाण्यावर जमले होते. बुवांचं बयान घ्या, सुनेला घेऊन या, संध्याकाळच्या आत प्रकरण मोकळं करा. जमादार 'हो साहेब' म्हणाले आणि फोन खिशात घालून डॉक्टरांकडे गेले. बयान द्यायला पेशंट शुद्धीत आहे का, ते लिहून द्या. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही देता येणार. त्या इंजेक्शनांनी माणूस काही तास बरळतो. जमादारांनी तेवढं घाईघाईने लिहून घेतलं. इतक्या आनंदाने नकार घेणारा पोलीस मी दुसरा पाहिला नाही.

बुवा खरंच बरळायला लागले. अंगावरची चादर बोटांनी चिमटायची, हवेत काही धरायचं, हे त्या औषधाने होतंच; मी शेकडो पेशंटांत पाहिलेलं. मी लक्षही दिलं नाही. जमादार मात्र खुर्ची ओढून बघत बसले. मग मला हाक मारली.

"सिस्टर, हे काय करून राहिले?"

"काही नाही, औषधाचा परिणाम. सगळेच चादर चिमटतात."

"चिमटून नाई राहिले. पाहा ना जी. दोन्ही हात खालून घालून ओंजळ करतेत, वर उचलतेत, आन् धोतराच्या ओच्यात टाकतेत." त्यांनी स्वतः हात करून दाखवले. "हे काम कायचं असते सांगा."

माझं माहेर नाकाडोंगरीचं. लहानपणी बांधीच्या पाण्यात आम्हीही तेच केलेलं. मी म्हटलं, "मासोळ्या."

"श्रावनात," जमादार म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जो वॉर्डात शोभत नाही. भजन मंडळाचे बुवा, गळ्यात तुळशीची माळ, एरवीही मासे वर्ज्य आणि श्रावणात तर कांदाही नाही. माझी नजर बुवांच्या गळ्याकडे गेली. गळ्यात माळ नव्हती. आम्ही सगळ्यांनी त्यांचे डोळे, लाळ, नाडी, सगळं तपासलं होतं. गळा फक्त कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी वनिताला दवाखान्यातच ठेवलं. जमादारांनी मला बजावलं, "तुमच्या खोलीत बसवा आन् काही खायला द्या. दुपारपासून तिले कोनं विचारलं नाई." खरंच विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सुट्टी होती, हे सांगायला नकोच. जमादार, मी, दुसरे पंच म्हणून तलाठीसाहेब आणि रस्ता दाखवायला बुवांचा मुलगा, असे आम्ही चौघं बुवांच्या शेतावर गेलो. बुवांच्या बांधीत काही नव्हतं. पण धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे मधल्या बांधापलीकडच्या, बांधीत पाण्यावर बारक्या मासोळ्या पोटं वर करून तरंगत होत्या, सोबत दोन बेडूकही. धुऱ्यावरच्या पळसाखाली तीन दगडांची चूल, राख, आणि राखेत मासोळ्यांची मुंडकी. वर पळसाच्या फांदीला, हात पोचेल अशा जागी, तुळशीची माळ नीट लटकवलेली. देवाला पाठ दाखवायची, तर निदान त्याला मान देऊन बाजूला बसवावं, असा बुवांचा हिशेब असावा.

जमादारांनी लिहिलं, "पळसाचे झाडास एक तुळशीची माळ लटकलेली दिसून आली. सदर माळेत कोणीही इसम मिळून आला नाही." तलाठीसाहेबांनी सही करताना खोकल्यासारखं काहीतरी केलं.

ती पलीकडची बांधी बुवांच्या सख्ख्या धाकट्या भावाची, सोमाजीची. अकरा वर्षांपूर्वी याच धुऱ्याच्या हातभर मातीवरून दोघांचं फाटलं होतं. दोघांनी मारुतीसमोर शपथ घेतली होती, एकमेकांशी बोलणार नाही आणि एकमेकांबद्दल कोणत्या माणसाजवळ बोलणार नाही. ती शपथ दोघांनी कडक पाळली. जे सांगायचं ते बैलांना सांगायचे. पाणी सोडायचं असलं तर एक आपल्या बैलाला ओरडून सांगे, "उद्या पाणी सोडतो रे", आणि पलीकडचा ऐकून आपला बांध फोडे. अकरा वर्षं दोघांची शेती अशी सुरळीत चालली होती. बोलणारे भाऊही एकमेकांशी इतकं धडपणे बोलत नाहीत.

आम्ही उभे असताना सोमाजी बैल घेऊन आला. तोंड उतरलेलं. जमादारांनी विचारलं, "सोमाजी, या बांधीत काय टाकलं?"

"दानेदार दवाई. परवा संध्याकाळी. खोडकिडा लागला जी."

"काल सकाळी इथं कोनी आलं होतं?"

सोमाजी गप्प. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जमादार पेन काढून बैलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि सोमाजीला म्हणाले, "मले नको सांगू. याले सांग. मी अशीच हवा खाऊन राहिलो."

सोमाजीने बैलाच्या मानेवर हात ठेवला. आणि अकरा वर्षांचं तुंबलेलं पाणी फुटावं तसा बोलला.

"पवन्या, तूच पाह्यलं ना काल? तो मासोळ्या धरत होता. मी तुले किती मोठ्यानं सांगतलं, का तिकडं तोंड नको लावू बापा, दवाई टाकली हाये, मरशीन. दोनदा सांगतलं. तीनदा सांगतलं. तो त्या बगळ्याले म्हनते, मासोळ्या पान्याच्या असतेत, कोनाच्या बापाच्या नसतेत. त्याले वाटलं मी मासोळ्या वाचवून राहिलो. मी तसाच पाहत राहिलो, पवन्या. एक डाव त्याले दादा म्हनलो असतो त त्यानं आयकलं असतं."

बुवांचा मुलगा धुऱ्यावर मटकन बसला. जमादारांनी सगळं शब्दश: लिहून घेतलं, "सदरची सूचना बैलास उद्देशून तीन वेळा मोठ्या आवाजात दिली होती" यासकट, आणि सोमाजीचा अंगठा घेतला. अंगठा घेताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बैल शहाना हाये. त्यानं आयकलं."

आता उरले बुवा. दुपारी मी ड्यूटीवर आले तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते आणि पुन्हा तेच म्हणत होते, सुनेने वाढलं तेच खाल्लं. जमादारांनी सगळ्यांना बाहेर काढलं. सलाइन बदलायची म्हणून मी राहिले. त्यांनी खिशातून माळ काढली आणि बुवांच्या पोटावर ठेवली. बुवांनी माळेकडे पाहिलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

चादरीतून आवाज आला, "जमादार, लहानपनी मायनं या दिवसात भाजून देल्या होत्या. वास आठवला. येवढंच."

"मंग येवढंच लिहितो."

"मंडळ काय म्हनंन? चाळीस वर्स झाले मी लोकायले सांगून राहिलो. आन् त्याच्या बांधीतल्या, जमादार. त्याच्या बांधीतलं पानी बी पिनार नाई म्हनलो होतो मी."

"बुवा," जमादार म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, "मासोळीचं पाप धुतल्या जाते. तळ्यात एक बुडी मारा, गेलं. त्या पोरीवर जे टाकून राहिले ना, ते धुतल्या नाई जात. ती बाहेर बसली हाये. तिचा नवरा काल तिच्याकडे पाहत नव्हता. उद्या लेकरू झालं त ते बी ताट पाहून जेवंन. बोला, का लिहू?"

चादरीखाली बुवा बराच वेळ रडले. मग त्यांनी तोंड बाहेर काढलं आणि खरं सांगितलं. जमादार म्हणाले, असं हळू नाही. गावाने मोठ्याने म्हटलं, तर तुम्हीही मोठ्याने म्हणा. दार उघडलं, व्हरांड्यातल्या माणसांना आत बोलावलं, आणि बुवांना चारचौघांत पुन्हा सगळं सांगायला लावलं. भजन मंडळाचा पेटीवाला तर ऐकता ऐकता स्टुलावर बसला.

वनिता दारात उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, मासोळी पायजे होती त मले सांगायचं होतं. मी मागच्या आंगनात रांधून देली असती. कोनाले सांगतलं नसतं."

मी सलाइनची बाटली घेऊन बाहेर गेले, कारण मला रडू येत होतं आणि युनिफॉर्ममध्ये ते बरं दिसत नाही.

कागदावर प्रकरण तिथे संपलं. गावात संपलं नाही. पोलिसांनी मिटवून टाकलं, असं काही जण म्हणू लागले. बुवांनी मासे खाल्ले हे खरं, पण मिठाचं वाक्यही खरंच ना, असं बायका म्हणत. वनिताने हळदीकुंकवाला दिलेला प्रसाद बायका पदरात बांधून नेत आणि नाल्यात टाकत. हे तिनेच मला सांगितलं. महिन्यातून एकदा ती माझ्याकडे येऊन बसायची आणि कधीतरी मी केलेला भात खाऊन जायची. स्वतःच्या हातचं जेवायचीही तिला भीती वाटायला लागली होती.

दिवाळीनंतर त्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. आमच्याकडे मंडईला घराघरात पाहुणे मावत नाहीत. ओळखीचे, अनोळखी, जावयांचे मित्र, सगळे जेवतात. बुवांच्या घरी मात्र त्या वर्षी कुणी आलं नव्हतं. वनिताने बोलावलं म्हणून मी गेले, तर चुलीवर मोठ्या गंजात भात शिजलेला आणि ओसरी मोकळी. बुवा खांबाला टेकून बसले होते, नवरा उगाच झाडत होता. समोरच्या रस्त्याने मंडईची गर्दी चालली होती. लोक आत बघत आणि पुढे जात.

मग एक काळीपिवळी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून जमादार उतरले. साध्या कपड्यात. त्यांच्यामागे त्यांची बायको, दोन लेकी, दोन जावई, पाच नातवंडं आणि शेवटी त्यांची ऐंशी वर्षांची आई, जिला दोघांनी धरून उतरवलं. कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि लेकीकडे तुमसरला राहायला जाणार होते, हे मला तिथेच कळलं.

आतल्या खोलीत पाट मांडायला लागल्यावर ते म्हणाले, "आत नको. इथं ओसरीवर. हवा येते." हवा नव्हती, धूळ होती. सगळे रस्त्याकडे तोंड करून एका ओळीत बसले. पहिलं ताट वनिताने त्यांच्या आईपुढे ठेवलं, तेव्हा थोडं वरण सांडलं. म्हातारीने सांडलेलं बोटाने निपटून खाल्लं. मुलं जेवायला लागली. रस्त्यावर गर्दी थांबली होती. बोअरिंगवर ऐकलेलं मिठाचं वाक्य गावात पहिल्यांदा सांगणारी बाईही त्यात होती, कडेवर नातू घेऊन.

मला शेवटची एसटी धरायची होती. कोपऱ्यावरून वळून पाहिलं ते मला जमादारांचं शेवटचं दर्शन. ते किडकिडीत गृहस्थ मांडी ठोकून बसले होते, रिकामं ताट दोन्ही हातांनी रस्त्याकडे उंच धरलं होतं आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "वनिता, भात आन. तिसऱ्यानं घेऊन राहिलो." ती गंज कमरेवर घेऊन बाहेर आली, आणि त्या बाईच्या कडेवरचा नातू आजीच्या हातातून सुटून ओसरीची पायरी चढत होता. त्याला कुणी मागे ओढलं नाही.